ब्रिटनचा चेलो-पियानो सोनाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नक्की कुठल्या पीसबद्दल बोलतोय आपण?

इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटनचा सोनाटा (काही भागांची वाद्यरचना) इन सी, ओपस ६५, म्हणजे त्याच्या रचनांमधला ६५ वा क्रमांक, चेलो आणि पियानोसाठी. डिसेंबर १९६० आणि जानेवारी १९६१ मध्ये लिहिलेला, पहिल्यांदा वाजला ७ जुलै १९६१ ला. जागा म्हणजे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर सफोकमध्ये ऑल्डबरा नावाचं छोटं गाव आहे, तिथला ज्युबिली हॉल. चेलोवर सोव्हिएत चेलिस्ट म्स्तिस्लाव रोस्ट्रोपोविच आणि पियानोवर स्वतः ब्रिटन. पाच भाग, सगळे मिळून वीस-एकवीस मिनिटं. ठाणे ते दादर फास्ट लोकलमध्ये आरामात ऐकून होतो, पण लोकलमध्ये ऐकू नका प्लीज, का ते खाली येईलच.

मॉडर्न म्हटलं की भीती वाटते. कर्कश आहे का?

नाही हो. विसाव्या शतकातलं म्हणजे सगळंच खिळे ठोकल्यासारखं असतं असं डोक्यात बसलंय लोकांच्या. यात चाली आहेत, लय पकडता येते, आणि सूर शेवटी 'सी' या स्वराकडे येतो (म्हणून नावात इन सी). फक्त तो सरळ रस्त्याने येत नाही. मोझार्ट ऐकताना पुढचा स्वर कुठला येणार याचा अंदाज आपल्याला असतो आणि तो आला की बरं वाटतं, इथे तो अंदाज ब्रिटन दर दोन मिनिटांनी चुकवतो, पण असा चुकवतो की नंतर वाटतं अरे हेच बरोबर होतं. मेजर की मायनर ते नावात लिहिलेलंच नाहीये, नुसतं 'इन सी'. दोन्हींच्या मधे कुठेतरी लोंबकळत राहतो बराच वेळ आणि मजा त्यातच आहे.

हा सोनाटा जन्माला कसा आला?

ही गोष्ट मोठी आहे आणि मला सांगायला आवडते, त्यामुळे घाई असेल तर पुढच्या प्रश्नावर जा.

२१ सप्टेंबर १९६०, लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल. रशियन संगीतकार शोस्टाकोविचच्या पहिल्या चेलो कॉन्चेर्टोचा (म्हणजे एकटा चेलो आणि समोर ऑर्केस्ट्रा) इंग्लंडमधला पहिला प्रयोग. वाजवणारा रोस्ट्रोपोविच, तेव्हा तेहेतीस वर्षांचा. शोस्टाकोविच स्वतः रशियाहून आलेला, आणि त्याच्या शेजारी बॉक्समध्ये ब्रिटन. रोस्ट्रोपोविचचं वाजवणं ऐकून ब्रिटन इतका पेटला की जरा काही आवडलं की शेजारी बसलेल्या शोस्टाकोविचला कोपरखळी मारायचा. कॉन्सर्ट संपल्यावर शोस्टाकोविच रोस्ट्रोपोविचला म्हणाला की माझ्या बरगड्या दुखतायत, कारण तुझं वाजवणं या माणसाला फारच आवडलं. हा किस्सा रोस्ट्रोपोविचनेच नंतर सांगितलेला आहे आणि तो माणूस किस्से रंगवून सांगण्यात उस्ताद होता, तेव्हा थोडं मीठ-मसाला धरून चाला.

त्याच रात्री शोस्टाकोविचने दोघांची ओळख करून दिली. रोस्ट्रोपोविचचा स्वभाव असा की जिवंत संगीतकार समोर दिसला की आधी मागणी, माझ्यासाठी चेलोचं काहीतरी लिहा. आणि त्याच्या या भीक मागण्यामुळे विसाव्या शतकात चेलोचं कपाट केवढं भरलंय ते मोजायला बसलात तर दमाल. ब्रिटन हो म्हणाला, पण अट घातली, पहिला प्रयोग माझ्या ऑल्डबरा फेस्टिव्हलमध्ये झाला पाहिजे. ऑल्डबरा फेस्टिव्हल म्हणजे ब्रिटनने आणि त्याच्या मित्रांनी १९४८ मध्ये सुरू केलेला उत्सव. आता ही अट ऐकायला सोपी, पण सोव्हिएत कलाकाराला परदेशी जायचं तर सरकारची परवानगी लागायची आणि ती मिळेलच याचा काही भरवसा नसायचा. मिळाली. पुढे दरवेळी मिळाली नाही, ते पुढे सांगतो.

ब्रिटनने याआधी चेलोसाठी काही लिहिलं नव्हतं का?

लहानपणचं किरकोळ सोडा, मोठं म्हणावं असं काही नाही. त्याचं नाव झालं होतं ते ऑपेरामुळे आणि गाण्यांमुळे. पीटर ग्राइम्स १९४५ चा, त्यानंतर पंधरा वर्षं बहुतेक सगळा वेळ माणसाच्या आवाजासाठी लिहिण्यात गेला. शब्दांशिवाय, नुसत्या दोन वाद्यांसाठी, इतका ऐसपैस पीस त्याने बऱ्याच वर्षांनी हाती घेतला आणि माझं तर मत आहे की म्हणूनच चेलो इथे सतत बोलल्यासारखा वाटतो, वाक्य अर्धवट सोडतो, पुन्हा सुरू करतो.

रोस्ट्रोपोविच एवढा कोण लागून गेला?

१९२७ मध्ये बाकूत जन्म, २००७ मध्ये मॉस्कोत गेला. शोस्टाकोविच, प्रोकोफिएव्ह, ब्रिटन या तिघांनी ज्याच्यासाठी लिहिलं असा चेलिस्ट. सरकारवर टीका करणारा लेखक सोल्झेनित्सिन याला घरात आसरा दिला म्हणून सरकारच्या डोळ्यात खुपला, १९७४ मध्ये देश सोडला, १९७८ मध्ये नागरिकत्व काढून घेतलं गेलं. नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत उघडली तेव्हा तिच्यासमोर खुर्ची टाकून बाख वाजवत बसलेला तो म्हातारा चेलोवाला, तोच हा.

दोघांची भाषा एक नव्हती मग बोलायचे कसे?

मोडकीतोडकी जर्मन. ब्रिटनला रशियन येत नव्हतं, रोस्ट्रोपोविचला इंग्रजी नाही. दोघांना थोडी थोडी जर्मन यायची, व्याकरणाच्या नावाने बोंब. त्यांच्या मित्रमंडळीत या भाषेला चेष्टेने ऑल्डबरा डॉइच म्हणायचे. पत्रंही त्याच भाषेत. आणि अशा दोन माणसांसाठी लिहिलेल्या सोनाट्याच्या पहिल्या भागाचं नाव काय, तर डायलोगो, संवाद.

व्हिस्कीचा किस्सा खरा आहे का?

रोस्ट्रोपोविचने सांगितलेला आहे, बाकी तुमची श्रद्धा. मार्च १९६१ मध्ये तो लंडनमधून पुढे दुसऱ्या दौऱ्यावर जात होता, मधे थांबून दोघं पहिल्यांदा पीस एकत्र वाजवणार होते. दोघंही टरकलेले. ब्रिटन म्हणाला आधी एकेक पेग घ्यायला वेळ आहे का, हा म्हणाला आहे आहे. मग दुसरा. असे चार-पाच मोठे पेग झाल्यावर एकदाचे बसले. वाजवलं अगदी भयंकर, असं त्याचंच म्हणणं (शब्द याहून वाईट वापरलाय त्याने, डुक्कर वगैरे), पण दोघं जाम खुश होते.

मला यात आवडतं ते हे की ब्रिटनही घाबरलेला होता. तो साधासुधा पियानोवाला नव्हता, त्या काळच्या इंग्लंडमधल्या उत्तम साथीदारांपैकी एक होता, पण स्टेजवर जायच्या आधी त्याला अक्षरशः मळमळायचं.

पियानो इथे फक्त साथीला आहे का?

नाही, आणि हा एकच मुद्दा लक्षात राहिला तरी बाकी FAQ वाचला नाहीत तरी चालेल. सॉरी, रोमन लिपी सुटली हातातून, प्रश्नोत्तरं म्हणतो.

चेलो आणि पियानोचा जुना प्रॉब्लेम असा की चेलोचा आवाज मधल्या-खालच्या पट्टीत असतो आणि नेमका त्याच पट्टीत पियानोचा डावा हात जाडजूड वाजत असतो. मोठा ग्रँड पियानो, झाकण पूर्ण उघडं, आणि समोर चार तारांचं एक वाद्य. चेलो बुडतो. पूर्वी तर मुळात उलटं होतं, बेटहोव्हनचे १७९६ चे दोन सोनाटे छापले गेले ते पियानोसाठी, सोबत चेलो, अशा क्रमाने. नंतर रोमँटिक काळात चेलो हिरो झाला पण पियानोचं लिखाण इतकं भरगच्च झालं की बिचाऱ्या चेलिस्टला अर्धा वेळ ओरडूनच वाजवावं लागायचं.

ब्रिटनने काय केलं तर पियानोला हडकुळा केला. बऱ्याच ठिकाणी दोन्ही हातांत मिळून दोन-तीनच स्वर आहेत. पियानो वरच्या पट्टीत असेल तर चेलो खाली, चेलो वर चढला की पियानो त्याच्यासाठी जागा सोडतो, आणि जिथे दोघंही एकाच पट्टीत येतात तिथे मुद्दाम, म्हणजे भांडण दाखवायचंय म्हणून. त्यामुळे होतं काय की पियानोने एक स्वर जरी टाकला तरी त्याला वजन येतं, तो स्वर म्हणजे उत्तर असतं. आणि चेलो गप्प बसतो तेव्हा तो ऐकत असतो, पुढच्या एन्ट्रीची वाट बघत मात्रा मोजत नसतो. चांगल्या प्रयोगात हे दिसतंसुद्धा, चेलिस्ट चक्क मान वळवून पियानोकडे बघतो.

लोक हा पीस 'रोस्ट्रोपोविचसाठी लिहिलेला' म्हणून ऐकतात आणि सगळं लक्ष चेलोवर लावतात. एकदा उलटं करून बघा, पूर्ण वीस मिनिटं फक्त पियानो ऐका. दुसराच पीस ऐकल्यासारखं वाटेल.

मग ही जुगलबंदी झाली ना?

हा प्रश्न हमखास येतो. नाही, कारण सगळं लिहिलेलं आहे, उत्स्फूर्त काहीच नाही, आणि कोण कोणावर मात करतो असा मामलाही नाही. जुगलबंदीत दोघं एकच राग, एकच ताल घेऊन बसतात. इथे पहिल्या भागात चेलो अडखळत बोलतोय आणि पियानो त्याच वेळी वेगळ्याच चालीने वाहतोय, दोघांचं जमतं हळूहळू.

पाच भागांत काय काय ऐकायचं?

_पहिला, डायलोगो._ सात मिनिटांच्या आसपास. सुरुवातीला चेलो दोनच स्वर वाजवतो, शेजारशेजारचे. थांबतो. पुन्हा दोन. कधी वर जाणारे कधी खाली येणारे. सोनाट्याच्या पहिल्या भागात काहीतरी ठसठशीत चाल येईल अशी आपण वाट बघत असतो आणि हा माणूस आपला म्हणजे काय सांगू, जाऊ दे, असं करत बसलाय. पण पुढची सगळी इमारत याच दोन स्वरांवर उभी आहे. ब्रिटनने स्वतः कार्यक्रमपत्रिकेसाठी लिहिलेल्या टिपणात हेच म्हटलंय की हा भाग म्हणजे चढत्या-उतरत्या एका इवल्याशा दोन स्वरी तुकड्याची चर्चा आहे. तोच तुकडा लांबवला की दुसरी, गाणारी चाल तयार होते. मधे रागारागाचा पॅच येतो, दोघंही मोठ्याने बोलायला लागतात. शेवट अगदी हळू.

_दुसरा, स्केर्झो-पिझिकॅटो._ अडीच मिनिटं. गज खाली ठेवायचा, पूर्ण भाग बोटांनी तारा छेडून. ब्रिटन म्हणतो की उजव्या हाताचं काम जवळजवळ गिटारसारखं आहे, आणि ते खरंच आहे, नुसतं टुक टुक नाही, बोटं आलटून पालटून चालतात. पियानोही त्याच सुरात कोरडे, तुटक स्वर टाकतो, डोळे मिटले तर क्षणभर कळत नाही कोणता आवाज कोणाचा. १९५६ च्या सुरुवातीला ब्रिटन बालीला गेला होता, तिथलं गामेलान, म्हणजे घंटा आणि धातूच्या पट्ट्यांचा वाद्यवृंद, त्याच्या डोक्यात पुढे कायमचं राहिलं, आणि मला या भागात ते ऐकू येतं, दुसऱ्या कोणाला नाही आलं तर भांडणार नाही.

_तिसरा, एलेजिया._ शोकगीत. इथे थांबा जरा. माझ्या मते पूर्ण पीसचं काळीज हे आहे, बाकी चार भाग नसते तरी हा एकटा टिकला असता. पियानो खाली काळोखे, संथ कॉर्ड्स (एकदम वाजणारे स्वरगुच्छ) टाकत राहतो आणि चेलो एक लांबच लांब चाल गातो, कुठे श्वास घ्यायचा तेच कळत नाही इतकी लांब. मग ती चाल जाड होत जाते, आधी चेलो दोन तारा एकदम वाजवतो, मग तीन, मग चारही, म्हणजे एकट्या चेलोतून कोरस आल्यासारखं होतं, आणि ते इतकं वाढतं की आता वाद्य फुटेल असं वाटतं. तिथून पुन्हा खाली, जिथून निघालो त्याच काळोखात. दुःख कोणाचं, कशाचं, ब्रिटनने सांगितलेलं नाही. १९६१ मध्ये तो वॉर रिक्वायम या युद्धातल्या मृतांसाठीच्या मोठ्या गायन-रचनेच्या कामालाही लागला होता एवढं माहीत असलं की पुरे. उगाच गोष्ट चिकटवू नका.

_चौथा, मार्चा._ दोन मिनिटांचा लष्करी संचलनाचा विडंबनपट. पियानो झटके देत मार्च वाजवतो, आणि चेलो खाली बँडमधल्या ट्यूबावाल्यासारखा ढुमढुम करत असतो. हसू येतं. पण मग तोच मार्च परत येतो एकदम हळू, आणि आता चेलोचा तो ढेरपोट्या बास वरच्या पट्टीत, हार्मोनिक्समध्ये, शिट्टीसारखा पातळ. हीच लोकलमध्ये न ऐकण्याची जागा, गाडीच्या खडखडाटात हे काहीच ऐकू येणार नाही आणि तुम्हाला वाटेल पीस संपला. बरेच लोक या भागाला नुसता जोक समजतात. एका सोव्हिएत नागरिकाच्या हातात, त्या काळात, संचलनाची टर उडवणारं संगीत द्यायचं, यात जोक आहेच पण तेवढाच नाही.

_पाचवा, मोतो पर्पेतुओ._ न थांबता धावणारा. गज तारेवर उड्या मारतो, त्याला सॉल्टांडो म्हणतात, आणि तीच उडणारी चाल सतत रूप बदलते, कधी वर आर्जवी, कधी खाली कुरकुरणारी, कधी बिनधास्त. टाळ्या मिळवणारा भाग आहे, पण खरं सांगू का, एलेजियानंतर मला तो थोडा घाईत उरकल्यासारखा वाटतो.

पिझिकॅटो कळलं, हार्मोनिक्स म्हणजे काय?

तार बोर्डावर पूर्ण दाबायची नाही, ठरावीक जागी बोट नुसतं टेकवायचं, म्हणजे अर्ध्यावर, एक तृतीयांशावर वगैरे. मग तारेचा मूळ स्वर न येता त्याच्या वरचा, बासरीसारखा पोकळ स्वर येतो. जागा केसभर चुकली तर नुसता खरखराट. शांत हॉलमध्ये हळू हार्मोनिक्स वाजवायला जिगर लागते.

नोटेशन वाचता येत नाही, रागसंगीत ऐकतो फक्त. झेपेल का?

झेपेल. उलट तुम्हाला एक फायदा आहे, एका छोट्या स्वरसमूहाची बढत ऐकायची सवय तुमच्या कानाला आहे. डायलोगोमधले दोन स्वर कुठे कुठे जातात ते तुम्हाला पियानो शिकलेल्या माणसाआधी सापडतील. अडचण येईल ती एकाच वेळी दोन वेगळ्या चाली चालतात तिथे. त्यावर उपाय वर सांगितलाय, एकदा फक्त पियानो, एकदा फक्त चेलो.

कुठलं रेकॉर्डिंग ऐकू?

आधी रोस्ट्रोपोविच-ब्रिटन, डेक्का, १९६१. पहिल्या प्रयोगानंतर काही दिवसांतच केलेलं, त्याच एलपीवर डबुसीचा सोनाटा आणि शुमानचे लोकधुनांच्या ढंगातले पाच तुकडे आहेत, तेही सोडू नका, खास करून डबुसी. आवाजाची क्वालिटी त्या काळाच्या मानाने थक्क करणारी. एका गोष्टीची सवय करून घ्या, रोस्ट्रोपोविच खूप मोठ्या आवाजात, मोठ्या मनाने वाजवतो, आणि ब्रिटन पियानोवर नेमका, कमी बोलणारा. दोन स्वभावांची ही रस्सीखेच म्हणजेच पीस.

मग नवीन काहीतरी हवं तर आल्बन गेरहार्ट आणि स्टीव्हन ऑस्बोर्न यांचं हायपेरियनवरचं घ्या, स्वच्छ, धारदार, पियानो प्रत्येक ठिकाणी ऐकू येतो. यो-यो मा आणि इमॅन्युएल अ‍ॅक्स यांचंही आहे, रिचर्ड स्ट्राउसच्या सोनाट्याबरोबर, ते जास्त गोड आहे, माझ्या चवीला जरा जास्तच. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणार असाल तर कुठलंही घ्या, सगळी सारखीच वाईट वाटतील, चेलोच्या खालच्या तारेचे स्वर त्यातून येतच नाहीत.

शोस्टाकोविचसारखं वाटतं मधे मधे, खरंय का?

खरंय. मार्च ऐकला की कोणालाही आठवतो. ब्रिटनला तो मनापासून आवडायचा, आणि हे एकतर्फी नव्हतं, शोस्टाकोविचने १९६९ ची आपली चौदावी सिंफनी ब्रिटनला अर्पण केली, आणि तिचा रशियाबाहेरचा पहिला प्रयोग ब्रिटनने १९७० मध्ये ऑल्डबरालाच कंडक्ट केला. आधी शोस्टाकोविचचा स्वतःचा १९३४ चा चेलो सोनाटा ऐकून मग हा ऐकलात तर कोण कुठे कोणाला डोळा मारतोय ते दिसेल.

यात शीतयुद्धाचं राजकारण किती?

पीसमध्ये शोधायला गेलात तर थोडं, आजूबाजूला भरपूर. १२ एप्रिल १९६१ ला गागारिन अवकाशात गेला, ७ जुलैला हा सोनाटा वाजला, १३ ऑगस्टला बर्लिनमध्ये काटेरी तार लागली. पुढच्या वर्षी, ३० मे १९६२ ला, कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथीड्रलमध्ये ब्रिटनचा वॉर रिक्वायम व्हायचा होता, त्यात सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीतली गायिका, म्हणून रोस्ट्रोपोविचची बायको गालिना विश्नेव्हस्काया गाणार असं ब्रिटनने ठरवूनच लिहिलं होतं. एक इंग्रज, एक जर्मन, एक रशियन गायक एकाच स्टेजवर, महायुद्धातल्या शत्रू-मित्रांची गाठ, अशी कल्पना. सोव्हिएत सरकारने तिला पाठवलंच नाही, ऐनवेळी हेदर हार्परने गायलं. रेकॉर्डिंगला मात्र विश्नेव्हस्काया पोचली, १९६३ मध्ये. तेव्हा सोनाट्याच्या वेळी परवानगी मिळाली हे नशीबच म्हणायचं.

ब्रिटनचा भारताशी काही संबंध?

ओढूनताणून जोडू नये. १९५५-५६ च्या हिवाळ्यात तो आणि त्याचा जोडीदार, गायक पीटर पिअर्स पूर्वेकडे मोठ्या दौऱ्यावर निघाले होते, त्यात भारत होता, बाली होतं, जपान होतं. बाली आणि जपानने त्याच्या संगीतात घर केलं, जपानच्या 'नो' या पारंपरिक नाट्यप्रकारावरून तर त्याने पुढे कर्ल्यू रिव्हर हे संगीतनाट्य लिहिलं. आपल्याकडच्या संगीताचा असा सरळ ठसा या सोनाट्यात नाही.

आपल्याकडे लाइव्ह कुठे ऐकायला मिळेल?

याच पीसची वाट बघत बसलात तर बसाल. पण चेलो-पियानोचे कार्यक्रम मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात होतात, तिथली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे आणि तिचे वादक छोट्या हॉलमध्ये चेंबर म्युझिकही वाजवतात. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, गोव्यात ऐकणारे कानही तयार आहेत. तसं बघायला गेलं तर चेलो आपल्याला अजिबात परका नाही, पन्नास-साठच्या दशकातल्या हिंदी गाण्यांत व्हायोलिनच्या खाली जे घुमतं ते चेलोच, आणि ते वाजवणारे बरेच जण गोव्याचे होते. त्यांची नावं रेकॉर्डच्या कव्हरवर कधी आली नाहीत.

भागांच्या मधे टाळ्या वाजवायच्या का?

प्रथा नाही. पाचवा भाग संपल्यावर वाजवा, तो संपला की कळतंच. एलेजिया संपल्यावर कोणी टाळी वाजवली तर मी मात्र वळून बघणार.

मुलगी चेलो शिकतेय, ग्रेड परीक्षा देतेय, हा पीस कधी वाजवू शकेल?

ग्रेड परीक्षा देतेय म्हणजे मुंबई-पुणे-गोव्यातल्या बहुतेक मुलांसारखी ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम (या परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्था) असेल. आठवी ग्रेड झाल्यावरही याला हात घालायला वेळ आहे. डायलोगोचे पहिले दोन स्वर कोणीही वाजवेल, तिसऱ्या पानापासून रडू येईल. सुरुवात एलेजियापासून करू नका, तिथले चार तारांचे कॉर्ड्स हात बिघडवतात. शिक्षक तयार असतील तर स्केर्झोचा थोडा भाग घ्यावा, उजव्या हाताची बोटं सुटी करायला उत्तम, आणि पोरांना गज बाजूला ठेवायला मिळाला की भारी आनंद होतो. हो, आणि पियानोवाला आधी शोधा. एकट्याने प्रॅक्टिस करून हा पीस बसतच नाही, अर्धं वाक्य दुसऱ्याकडे असतं.

पियानोचं झाकण किती उघडं ठेवायचं?

हॉल बघून ठरवा. या पीसमध्ये पूर्ण उघडं ठेवलं तरी निभावतं, लिखाणच तसं आहे. ब्राम्ससाठी हे म्हणणार नाही.

हे आवडलं, पुढे काय ऐकू?

ब्रिटनने रोस्ट्रोपोविचसाठी लिहिलेलं सगळं. १९६३ ची चेलो सिंफनी, जिचा पहिला प्रयोग मार्च १९६४ मध्ये मॉस्कोत झाला, कंडक्टर ब्रिटन. मग एकट्या चेलोसाठीचे तीन सुइट (छोट्या तुकड्यांच्या मालिका), १९६४, १९६७ आणि १९७१ चे. तिसऱ्यात रशियन चाली आहेत आणि शेवटी मृतांसाठीचं ऑर्थोडॉक्स चर्चचं स्तोत्र येतं, ते ऐकायला रात्रीची वेळ बरी. आणखी मागे जायचं तर ब्रिटनचे गुरू फ्रँक ब्रिज यांचा १९१७ चा चेलो सोनाटा, तोही याच दोघांनी रेकॉर्ड केलाय.

सुइटवरून आठवलं. १९६४ मध्ये दोघं ब्रिटनच्या ओळखीतल्या हेअरवुड घराण्याकडे चालले होते, तिथे राजकन्या मेरी भेटणार होत्या. रोस्ट्रोपोविचने डोक्यात घेतलं की खऱ्या राजकन्येसमोर परीकथेतल्यासारखं गिरकी घेऊन, वाकून, साग्रसंगीत मुजरा करायचा, आणि वाटेत जिथे थांबतील तिथे त्याची रिहर्सल सुरू. ब्रिटन लाजेने अर्धमेला. शेवटी जेवायला थांबले तिथल्या मेन्यू कार्डावर रीतसर करार लिहिला गेला, की मी ती गिरकी घेणार नाही आणि त्याबदल्यात ब्रिटन माझ्यासाठी चेलोच्या रचना लिहील. सही झाली. राजकन्येसमोर रोस्ट्रोपोविच सरळ उभा राहिला, आणि पहिला सुइट त्याच वर्षाअखेर लिहून तयार होता.